बर्फासाठी हातमोजे, मुक्काम कोंडाणे

जानेवारीत गुलमर्गला जायचं ठरलं आणि घरातल्या धाकट्या मंडळींनी परस्पर स्नोमोबाइलची फेरीही पक्की करून टाकली. बर्फावरची स्कूटरच ती. मी मोटारसायकल चालवतो, तेव्हा ही पण मीच चालवणार, हे मला न विचारताच ठरलं. राहिला प्रश्न हातमोज्यांचा.

कोंडाण्यात थंडीवर मत नसलेला माणूस सापडायचा नाही. डोक्यावर राजमाचीचा डोंगर, पायाशी उल्हास नदी. डिसेंबरात पहाटे कर्जतची लोकल गाठायला मोटारसायकलवर निघालं की बोटं क्लचवरच आखडतात. त्यावर गावाचे इलाज ठरलेले: कानाला मफलर, शर्टाच्या आत छातीवर कालचं वर्तमानपत्र आणि हातात पायातले मोजे. गुलमर्ग सुमारे 2,650 मीटर उंचीवर आहे, असं मी आईला सांगितलं. ती म्हणाली, मग वर्तमानपत्र रविवारचं घे, जाड असतं.

भाचा ओंटारिओत असतो. कॅनडाच्याच जोसेफ-आर्मां बोंबार्दिए यांनी 1959 मध्ये ‘स्की-डू’ ही हलकी बर्फगाडी बाजारात आणली. भाचा बोलतो मात्र ती त्यानंच शोधल्याच्या थाटात.

“मामा, तू नुसता पारा बघू नकोस, वारा बघ. उणे 10 अंशांत ताशी 30 किलोमीटरनं गेलास, तरी उघड्या कातडीला उणे 20 असल्यासारखं लागतं.”

पुढचा तासभर तो अंगठ्यावर बोलला. मोटारसायकलचा ॲक्सिलरेटर मुठीनं पिळायचा असतो; इथं उजव्या अंगठ्यानं एक खटका सतत दाबून धरायचा. चार बोटं मुठीभोवती एकमेकांच्या आधारानं बसतात, अंगठा एकटाच ड्यूटीवर. म्हणून मोजा निवडताना आधी अंगठा वाकवून बघायचा. तिथलं कापड ताणलं जात असेल तर मोजा परत ठेवायचा. चारही बोटं एकाच पिशवीत घालणारे मिटन सर्वांत उबदार, कारण आत बोटं एकमेकांना ऊब देतात. “पण तू नवखा आहेस, तू पाच बोटांचेच घे. ब्रेक कुठे आहे ते तरी हाताला कळेल.”

सुती मोजा अजिबात नको. तो घाम धरून ठेवतो आणि मग तोच घाम गार पडतो. आत पातळ लोकरी मोजा, त्यावर भरण, सर्वांत वर पाणी न शिरणारं कापड. मनगट एवढं लांब की जाकिटाच्या बाहीवर चढावं. आणि घट्ट तर मुळीच नको, कारण ऊब धरते ती थरांमध्ये अडकलेली हवा. घट्ट मोज्यात हवा उरत नाही, रक्तही धड फिरत नाही.

“म्हणजे गोधडी,” आई शेजारून म्हणाली आणि भाजी निवडू लागली. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक टाचताना हवा राखायची असते, हे तिला भाच्याच्या आईच्या जन्माआधीपासून ठाऊक होतं. तळव्याची गोष्ट तेवढी गोधडीत बसली नाही: गाडीच्या मुठी विजेवर तापणाऱ्या असतील तर जाड तळव्यातून ती ऊब हाताला लागतच नाही. म्हणून मोजा पाठीकडे जाड, तळव्याकडे पातळ.

एवढं पाठ करून कर्जतच्या बाजारात गेलो. तिथं हातमोजे भरपूर मिळतात. स्कूटरवाल्या बायकांचे कोपरापर्यंतचे, उन्हासाठी. भांडी घासायचे रबरी. यष्टिरक्षकाचे. हार्डवेअरवाल्याकडे वेल्डिंगचे चामडी. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडणाऱ्या गावात हाताला जपायचं ते उष्णतेपासून, त्यामुळे थंडीचे मोजे मागितल्यावर दुकानदारानं आधी माझी तब्येत विचारली. वेल्डिंगचे घालून पाहिले. अंगठा प्रशस्त, मनगट लांब. भाच्याच्या कसोटीला जवळजवळ उतरले. पण सोबत पुतणी होती, आणि फोटो तीच काढणार होती.

आमच्या कोंडाण्याच्या लेण्यांत, कण्हाचा शिष्य बलक यानं हे केलं, असं कोरून ठेवलंय. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बहुधा उघड्या हातानंच छिन्नी धरणाऱ्या त्या माणसाचा मी गाववाला. एका अंगठ्यासाठी कॅनडाला व्हिडिओ कॉल लावत होतो.

मोजे शेवटी मुंबईहून आणले. आता परीक्षेला बर्फ हवा, आणि कर्जतमध्ये बर्फ असतो मासळी बाजारात. ओळखीच्या मावशींना विचारून मी मोज्यासकट हात बर्फात खुपसला आणि घड्याळ लावलं. पाणी आत शिरलं नाही. अंगठा गार पडला, पण बराच उशिरा. बघ्यांपैकी एकानं बोंबील किती ते विचारलं.

मावशी पहाटेपासून त्याच बर्फात उघड्या हातानं मासे उलटेपालटे करत होत्या.

“केवढ्याला पडले, दादा?”

मी किंमत सांगितली. त्यांनी मोज्याकडे पाहिलं, मग टोपलीकडे.

“हात घातलाच आहे, तर तळाची पापलेटांची जोडी वर काढून द्या. माझी बोटं गारठलीत.”