स्वखर्चाने सक्तमजुरी

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील टूसॉन शहराच्या ईशान्येस सांता कॅटालिना नावाची पर्वतरांग असून, तिच्यातील माउंट लेमन या २,७९१ मीटर उंचीच्या शिखराकडे जाणारा डांबरी रस्ता सायकलस्वारांच्या जगात तीर्थक्षेत्राचा मान मिळवून आहे. हा रस्ता वाळवंटात सुमारे ८०० मीटर उंचीवर सुरू होतो आणि सुमारे ४० किलोमीटरनंतर समरहेवन या डोंगरमाथ्यावरील गावाशी, सूचिपर्णी वृक्षांच्या अरण्यात, जवळजवळ २,४०० मीटरांवर पोचतो. याचा अर्थ असा की समुद्रकिनाऱ्यापासून कळसूबाईच्या माथ्यापर्यंत जेवढे चढावे लागेल तेवढेच येथेही चढावे लागते. फरक इतकाच की कळसूबाईला जाणारी शहाणी माणसे आपले वाहन पायथ्याशी ठेवून जातात, आणि येथे वाहनालाच वर पोचवावे लागते.

चढणीची तीव्रता टक्क्यांत मोजण्याची पद्धत आहे. शंभर मीटर पुढे जाताना पाच मीटर उंची वाढत असेल तर ती चढण पाच टक्क्यांची मानली जाते, आणि या रस्त्याची सरासरी चार-पाच टक्क्यांच्या घरात भरते. घाटांच्या कुळात पाच टक्के हा आकडा सभ्यच म्हणावा लागेल, परंतु या सभ्यतेतच खरी मेख आहे. पंधरा टक्क्यांची चढण सायकलस्वाराला काही मिनिटांत खाली उतरवते आणि वर सायकल ढकलत नेण्यास सन्माननीय सबबही पुरवते. पाच टक्क्यांची चढण असली कोणतीच सबब देत नाही, आणि संपतही नाही. सर्वांत हलका गिअर, म्हणजे मागील चाकावरचे सर्वांत मोठे दातेरी चक्र, येथे संकटकाळासाठी राखून ठेवण्याचा संकल्प बहुतेकजण पायथ्याशी करतात, आणि संकटकाळाची व्याख्या पहिल्या काही किलोमीटरांतच पुष्कळ उदार होते.

या रस्त्याचा इतिहास पाहता त्यावर घाम गाळला जाणे हे परंपरेला धरूनच आहे. माजी पोस्टमास्टर जनरल आणि टूसॉनमधील एका वृत्तपत्राचे मालक फ्रँक हिचकॉक यांच्या खटपटीने १९३३ मध्ये रस्त्याचे काम सुरू झाले, आणि ते संघराज्य सरकारच्या कैद्यांकडून करून घेण्यात आले. हिचकॉक १९३५ मध्ये वारले आणि रस्ता पूर्ण व्हायला १९५० साल उजाडले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या कैद्यांच्या डोंगरातील बंदिछावणीत गॉर्डन हिराबायाशी हा जपानी वंशाचा अमेरिकन विद्यार्थी शिक्षा भोगत होता. जपानी वंशाच्या नागरिकांवर लादलेली संचारबंदी आणि स्थलांतराचे हुकूम त्याने जाणूनबुजून मोडले होते. त्याला छावणीपर्यंत पोचवण्याच्या खर्चाची तरतूद सरकारजवळ नव्हती, म्हणून हा कैदी रस्त्यात भेटेल त्या मोटारीला हात दाखवत, स्वतःच्या शिक्षेच्या ठिकाणी स्वतःच हजर झाला. तेथे त्याची कागदपत्रे सापडेनात, तेव्हा अधिकाऱ्यांनी त्याला, तोवर शहरात जाऊन एखादा सिनेमा पाहून ये, असे सुचवले. तो पाहून परतला आणि मग रीतसर तुरुंगात दाखल झाला. त्याची शिक्षा न्यायालयाने १९८७ मध्ये रद्द ठरवली, आणि १९९९ मध्ये छावणीच्या जागेला त्याचे नाव देण्यात आले. या जागेवरून आज जे लोक धापा टाकत जातात तेही कोणी पकडून आणलेले नसतात आणि तेही स्वतःच्या खर्चानेच आलेले असतात. मात्र हिराबायाशीजवळ येण्यासाठी तत्त्व होते, आणि यांच्याजवळ बहुधा केवळ नव्या सायकलचे बिल असते.

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने हा रस्ता फार श्रीमंत आहे. अशा डोंगरांना ‘आकाशबेटे’ म्हणतात, कारण चहूबाजूंच्या वाळवंटाने त्यांच्या माथ्यावरील अरण्याला बेटासारखे एकटे पाडलेले असते. पायथ्याशी सवारो नावाचे उंच, खांबासारखे निवडुंग हात वर करून उभे असतात, आणि पहिला हात फुटायलाच त्यांना पन्नास-पाऊणशे वर्षे लागत असल्यामुळे, ताशी आठ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या माणसाकडे तुच्छतेने न पाहणारे या डोंगरावर तेवढेच उरतात. सुमारे १,२०० मीटरांवर त्यांची सोबत सुटते. मग ओक, मग पाँडेरोसा जातीचे पाइन, आणि अखेरीस डग्लस फर व ॲस्पेन असा क्रम लागतो. सी. हार्ट मेरियम या अभ्यासकाने १८८९ मध्ये ॲरिझोनातीलच दुसऱ्या एका पर्वतावर संशोधन करून, उंचीप्रमाणे बदलणाऱ्या अशा पट्ट्यांसाठी ‘जीवपट्टे’ ही संकल्पना मांडली, आणि डोंगर चढणे हे उत्तरेकडे प्रवास करण्यासारखेच आहे असे दाखवले. त्यामुळे येथील सायकलस्वार मेक्सिकोच्या हवेतून कॅनडाच्या हवेत एका सकाळीत जातो असे सांगण्याची प्रथा आहे, आणि सांगणारा बहुधा मोटारीतून गेलेला असतो. शिखराला ज्यांचे नाव आहे त्या सारा प्लमर लेमन याही वनस्पतिशास्त्रज्ञच होत्या, आणि १८८१ मध्ये पतीसह मधुचंद्राला येऊन त्यांनी हा डोंगर, रस्ता नसताना, झाडपाला गोळा करत चढून दाखवला. पतिपत्नी एकमेकांशी बोलत राहिली, यावरून त्यांच्याजवळ सायकली नव्हत्या हे सिद्ध होते.

वाटेतील विंडी पॉइंट या वाऱ्याच्या टोकावर वाऱ्यापावसाने झिजलेले खडकांचे सुळके आहेत. तेथे थांबणारे सायकलस्वार भूशास्त्राकडे इतक्या तन्मयतेने आणि इतका वेळ पाहतात की त्यांच्या नाडीचे ठोके मोजल्याखेरीज ही ज्ञानलालसा नेमकी कशाची, हे ठरवणे अवघड जावे. उंचीबरोबर हवा विरळ होते आणि दर हजार मीटरला तापमान सहा अंशांहून अधिक घसरते. म्हणून उन्हात भाजत निघालेल्याने अंगाला नकोसे झालेले जाकीट तासन्‌तास पाठीवर वागवायचे आणि परतीच्या उतारावर, घामेजलेल्या सदऱ्यावर, बोटे गारठली असताना ते चढवायचे, असा इथला वस्त्राचार आहे.

ऊर्जेचा हिशेब मात्र अपमानास्पद आहे. सायकलसह ८० किलोचे वजन १,६०० मीटर उचलण्यास पदार्थविज्ञानानुसार जेमतेम ३०० किलोकॅलरी पुरतात, आणि शरीर आपल्या इंधनाचा जेमतेम चौथा हिस्साच कामी लावते हे धरले तरी खर्च १,२०० च्या आसपास येतो. समरहेवनमध्ये ताटाएवढ्या आकाराची बिस्किटे मिळतात, आणि ती आइस्क्रीमसह खाल्ल्यास डोंगराचा मोठा वाटा दहा मिनिटांत परत पोटात येतो. या गावात पोचताना रस्ता आधी माथा ओलांडून खाली उतरतो, ही गोष्ट रस्त्याच्या नकाशात स्पष्ट दिसते; तरीही, परतीच्या प्रवासाची सुरुवात पुन्हा चढाने होते, हे बिस्किट संपेपर्यंत कोणी लक्षात घेत नाही.

‘लेमन झाला’ असे केव्हा म्हणावे, याविषयी तीन संप्रदाय आहेत. पहिला, रस्त्याचा माथा ओलांडला की काम झाले असे मानतो. दुसरा बिस्किटाच्या दुकानापर्यंत जाणे अनिवार्य समजतो. तिसरा कडवा असून, वर अरुंद आणि खडबडीत होत जाणाऱ्या रस्त्याने शिखरावरील वेधशाळेच्या फाटकापर्यंत गेल्याशिवाय कोणाचाही दावा मान्य करत नाही. त्या वेधशाळेतून पृथ्वीकडे येऊ शकणाऱ्या लघुग्रहांवर पाळत ठेवली जाते, आणि फाटकाशी पाय वाकडे करून बसलेल्या माणसांची कोणतीही नोंद तेथे घेतली जात नाही. तिन्ही पंथांत अनुयायी सर्वाधिक दुसऱ्याचे, कारण युक्तिवाद कितीही प्रबळ असला तरी दुकान संध्याकाळी बंद होते.