येलदरीतला जळका वास

‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण परभणीकरांनीच पसरवली असावी. बाहेरचं कुणी परभणीचा एवढा विचार करत नाही. मी केला, आणि ऐन एप्रिलात मेव्हण्यांसह जिंतूर गाठलं. नेमगिरीची जैन लेणी पाहिली. आतला गारवा सोडवत नव्हता. मग येलदरी. पूर्णेवरचं हे धरण १९६८ साली पुरं झालं. पायथ्याशी २२.५ मेगावॉटचं वीजघर आहे. ही पूर्णा गोदावरीला मिळते, विदर्भातली तापीला. मेव्हणे शेवटपर्यंत दोन्ही एकच समजत होते. धरणाची मातीची भिंत चार किलोमीटरहून लांब आहे. ती मेव्हण्यांना चालत बघायची होती, म्हणून मी बोटीचा हट्ट धरला.

बोट मच्छीमाराची, मागे पेट्रोलचं इंजिन लटकवलेलं. आत आम्ही दोघं, पलीकडे लेकीकडे निघालेल्या एक मावशी, धोतर-टोपीतले एक आबा आणि मासळीच्या रिकाम्या पेट्या. मधोमध गेलो आणि वास आला.

माझं नाक घराण्यात प्रसिद्ध आहे. आकारासाठी, असं मेव्हणे म्हणतात. कामासाठी, असं मी. खालच्या मजल्यावरचं दूध उतू गेलेलं मला वर कळतं. तेव्हा ‘काहीतरी जळतंय’ हे मीच जाहीर केलं. सगळ्यांनी आबांच्या विडीकडे पाहिलं. ती कानामागे होती, न पेटवलेली. मग मावशींच्या गाठोड्यातून ठेच्याची बरणी निघाली. तिच्यावरचा संशय मी जातीने, भाकरीच्या तुकड्यासह, दूर केला.

मराठवाड्यात विहिरीवर मोटार असलेल्या प्रत्येकाला जळका वास कळतो. बोटीत विहीर नसलेले आम्ही दोघंच, त्यामुळे जास्त आम्हीच बोललो.

“वायर गेलीय,” मेव्हणे म्हणाले.

“वायर नाई,” आबा म्हणाले. “वायरीचा वास डोक्यात जातो. ह्यो रबराचा हाय.”

“आईल गळत असंल,” मावशी.

मी आधी पुढे हुंगलं, मग पेट्यांत हुंगलं (तिथे वेगळाच वास होता, त्याचा तपास मी सोडून दिला), शेवटी पालथा पडून इंजिनाशी नाक नेलं. मेव्हण्यांनी तेवढ्यात फोटो काढला. हे मला मनापासून आवडलं नाही. बुडायची वेळ आली तरी हा गृहस्थ ‘जरा डावीकडे’ म्हणेल.

आबा पाण्याकडे बघत बोलले, “मोटार जळाल्याचा वास नाकातून जात नाई, सायब. गहू वंबीवर आला व्हता. जिंतूरला मोटार भरायला टाकली, तर नंबरच लागंना.”

गव्हाचं पुढे काय झालं, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. मावशींनी भाकरी-ठेचा त्यांच्याकडे सरकवला.

इतका वेळ आमचं संशोधन ऐकत असलेला बोटवाला पोरगा मागे वाकून म्हणाला, “काका, पाणी बंद झालंय.”

चहूकडे क्षितिजापर्यंत पाणी होतं. तो इंजिनाच्या मागचं एक बारीक भोक दाखवत होता. ही इंजिनं धरणाचंच पाणी ओढून स्वतःला गार ठेवतात, आणि त्यातलं थोडं त्या भोकातून बाहेर फेकतात. पाणी ओढणारा पंखा रबराचा. पाणी हेच त्याचं वंगण. ते थांबलं की पंखा कोरडा फिरतो आणि काही मिनिटांत जळतो. पोराने इंजिन बंद करून वर उचललं. पाणी ओढायच्या जाळीवर एक कॅरीबॅग गच्च चिकटली होती. कुठल्याशा कापडदुकानाची. तिच्यावर छापलेलं होतं, ‘पुन्हा अवश्य या.’

पंखा गेलाच होता. वल्हं एकच, ते आबांनी घेतलं. दिशा मेव्हण्यांनी दाखवली.

तुम्ही अशा बोटीत बसणार असाल, तर इंजिन सुरू झाल्यावर मागच्या भोकातून पाण्याची चिळकांडी उडते का, तेवढं बघा. उडत नसेल तर लगेच बंद करायला सांगा, वास यायची वाट पाहू नका. आणि कॅरीबॅग घरी न्या.