सुदृढ बालक घडवण्याची मुकुंदवाडी पद्धत

पहिली ते चौथीच्या लेकरांना आरोग्याच्या सवयी लावायच्या तर सुरुवात तक्त्यापासून करावी. तक्त्यात सफरचंद, ब्रोकोली आणि दुधाचा पेला धरून हसणारा गुबगुबीत मुलगा असावा. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, मेथी, बोरं यांना त्यात जागा देऊ नये. ते सगळं लेकरं घरी खातात, म्हणजे ते पौष्टिक असणं शक्यच नाही.

मग डबे तपासावेत. एखाद्या डब्यात बिस्किटाचा पुडा निघाला की बाईंनी आईला शाळेत बोलवावं. आई चिकलठाणा एमआयडीसीत सकाळच्या पाळीला गेलेली असते, ती येत नाही. मग वहीत ‘पालक उदासीन’ असा शेरा मारून विषय संपवावा.

शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत तेलकट-तुपकट, जास्त साखर-मिठाचे पदार्थ लेकरांना विकायचे नाहीत, असा 2020 चा केंद्राचा नियम आहे. अंतर मोजायला लेकरांच्याच हातात टेप द्यावा. गणितही होतं आणि पायही मोकळे होतात. 51व्या मीटरवर पाच रुपयांचं पाकीट मिळतं, तिथे मोजणी आपोआप थांबते.

आता खिचडी. पाचवीपर्यंतच्या लेकरामागे रोज 100 ग्रॅम तांदूळ, 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं, असा सरकारी हिशेब आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये त्यात आठवड्याला एक अंडं आलं, न खाणाऱ्याला केळं. जानेवारी 2025 मध्ये सरकारने अंड्याचा वेगळा निधी थांबवला आणि द्यायचंच असेल तर लोकसहभागातून द्या, असं शाळांना कळवलं. तेव्हा ‘अंड्याचे महत्त्व’ हा पाठ घेताना फळ्यावर अंडं काढावं. खडूचं अंडं शाकाहारी असतं, कुणाची हरकत येत नाही. काढायलाही सोपं.

जेवणाआधी साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात धुवायला शिकवावं. जायकवाडी धरणाचं पाणी छत्रपती संभाजीनगर शहरात काही दिवसांआड येतं, म्हणून हा पाठ नळाला पाणी येण्याच्या दिवशीच ठेवावा. मधल्या दिवसांत हात धुण्याचा अभिनय पुरतो.

राहिला व्यायाम. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पी.टी.च्या तासाला गणिताचा राहिलेला धडा पुरा करायचा असल्याने हा कार्यक्रम शाळेबाहेर घ्यावा लागतो आणि तो कसा घ्यायचा, हे याच शहरातल्या मुकुंदवाडीने दाखवून दिलंय. 2019 च्या दुष्काळात इथली नऊ-दहा वर्षांची लेकरं शाळा सुटली की मुकुंदवाडी स्टेशनवरून रेल्वेने तेव्हाच्या औरंगाबाद स्टेशनला पाणी भरायला जात होती. जाऊन-येऊन साधारण 14 किलोमीटर. परदेशी वृत्तसंस्थेनेही त्याची बातमी केली.

कृती अशी: गाडी येईपर्यंत फलाटावर थांबावं. गाडी उशिरा येते, त्यातून संयम अंगी बाणतो. डब्यात गर्दी असते. कुणी सरकून जागा देतं, कुणी कळशीकडे बघून खेकसतं. भरलेलं कॅन दोन्ही हातांनी उचलून पायरीवर, मग आत, मग दाराशी. उतरताना आधी कॅन खाली, मग आपण. दहा लिटर पाण्याचं वजन दहा किलो भरतं, आणि उचलणाऱ्याचं स्वतःचं वजन जेमतेम पंचवीस. एवढा भार कोणताही व्यायामशिक्षक या वयात उचलू देणार नाही. त्याच वर्षी 29 ऑगस्टला दिल्लीत ‘फिट इंडिया’ मोहीम सुरू झाली. मुकुंदवाडीची लेकरं तोवर बरीच पुढे गेली होती.

या पद्धतीने फरक पडला नाही, तर एक जुना उपाय आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत, असं 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात लिहिलंय. पालक असाल तर पुढच्या बैठकीला अर्धा दिवस रजा टाकून जा. आठवड्याचं अंडं, पाण्याची भरलेली टाकी आणि पी.टी.चा तास, हे तिन्ही विषय लेखी द्या आणि सही करण्याआधी इतिवृत्तात ते आलेत का, हे स्वतः वाचून बघा.