सौजन्याची उचलेगिरी

चाक या विषयावर बारामती एमआयडीसीला काही सांगू जाणे म्हणजे माळेगावच्या शेतकऱ्याला ऊस कशाशी खातात हे समजावण्यासारखे आहे. पियाजिओच्या येथील कारखान्यातून बाहेर पडलेल्या ॲपे रिक्षा देशाच्या कानाकोपऱ्यात माणसे आणि भाजीपाला वाहून नेतात, २०१२ पासून व्हेस्पा स्कूटरही येथेच तयार होते, आणि गळीत हंगाम लागला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर मोठ्याने गाणी लावून, रस्त्याचा मध्य हीच आपली डावी बाजू आहे अशा निष्ठेने, साखर कारखान्याकडे निघतात. शिफ्ट सुटण्याच्या वेळी पेन्सिल चौकात या सर्व चाकांची जी गर्दी उसळते, तिच्यातून मोबाइल कान आणि खांदा यांच्यामध्ये धरून दुचाकी सफाईने काढणाऱ्या तरुणाला वाहतुकीत अवघड असे काही उरले असेल, असे वाटत नाही. तथापि इंजिन नसलेली, हॉर्न नसलेली, माणसाच्या चालीने जाणारी एखादी व्हीलचेअर समोर आली की याच तरुणाची त्रेधा उडते, आणि तो एकतर ती दिसलीच नाही असे दाखवतो किंवा धावत येऊन तिला ढकलू लागतो. थांबून विचारणे हा मधला मार्ग मात्र त्याला कोणी शिकवलेला दिसत नाही.

विवेचनापूर्वी संबंधित वाहनांची ओळख करून देणे इष्ट ठरेल. व्हीलचेअर सर्वांना, निदान रुग्णालयाच्या दारात पाहून, ठाऊक असते. तीनचाकी म्हणजे हाताने पॅडल फिरवून चालवायची सायकल, जिची बॅटरीवरची आवृत्ती कानपूरच्या अलिम्को या १९७२ साली स्थापन झालेल्या सरकारी कंपनीत तयार होते आणि शिबिरांतून वाटली जाते. आणि मागे दोन जादा चाके बसवून घेतलेली स्कूटर तर आता गावोगाव दिसते. परदेशात या कामासाठी ‘मोबिलिटी स्कूटर’ नावाचे बॅटरीवरचे बसके वाहन वापरतात, आणि त्याने फूटपाथवर ताशी चार मैल व रस्त्यावर ताशी आठ मैल यांहून अधिक वेग घेऊ नये, असा ब्रिटनमध्ये नियम आहे. आपल्याकडे असा नियम करण्याची निकड भासत नाही, कारण फूटपाथवर वडापावची गाडी, रसवंतीचे बाकडे, विजेचा डीपी आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फलक हे आधीच स्थानापन्न झालेले असल्याने वेगाचा प्रश्नच उद्भवत नाही.

सौजन्याच्या स्थानिक प्रकारांत पहिला मान ‘उचल’ या विधीला द्यावा लागेल. बँकेच्या किंवा मंगल कार्यालयाच्या पायरीशी खुर्ची थांबताच आसपासचे चौघे, बसलेल्या व्यक्तीला एका शब्दाने न विचारता, बाह्या सरसावून पुढे होतात. त्यांच्यातला एक आपोआप मुकादम होतो, ‘तू हिकडनं धर, मी हितनं धरतो’ अशी कामाची वाटणी होते, आणि ‘एक, दोन’ म्हणताच दोघे उचलतात, कारण उरलेले दोघे ‘तीन’ची वाट पाहत असतात. बसलेली व्यक्ती या वेळी कोणत्या कोनात असते, याचे वर्णन भूमितीच्या पुस्तकावर सोडलेले बरे. येथे एक यांत्रिक तपशील लक्षात घेतला पाहिजे, तो असा की अनेक व्हीलचेअरच्या बाजूचे हात आणि पाय टेकायच्या पट्ट्या काढता-घालता येतील अशा केलेल्या असतात, जेणेकरून बसलेल्या व्यक्तीला बाजूने पलंगावर सरकता यावे; परिणामी ज्याने मोठ्या विश्वासाने खुर्चीचा हात धरलेला असतो, त्याच्या हाती तेवढा हातच येतो आणि खुर्ची जागची हलत नाही. जाणत्यांची रीत निराळी आहे. आधी मदत हवी का ते विचारावे, हवी असल्यास कुठे धरायचे हेही बसलेल्या व्यक्तीलाच विचारावे, ब्रेक लागला आहे की सुटला आहे ते पाहावे, आणि तीव्र उतारावरून खाली जाताना खुर्ची उलटी, म्हणजे मागची चाके पुढे करून, उतरवावी. एरवी बसलेली व्यक्ती खुर्चीच्या आधी खाली पोहोचण्याचा संभव असतो.

दुसरा प्रकार वाणीचा आहे. बीबीसी रेडिओ फोरवर १९७७ ते १९९८ या काळात दिव्यांगांच्या प्रश्नांवर एक कार्यक्रम चालत असे, ज्याचे नाव ‘डझ ही टेक शुगर?’, म्हणजे ‘यांना साखर चालते का?’ असे होते, कारण खुर्चीत बसलेल्याला सोडून त्याच्या सोबत्यालाच सगळे विचारण्याची खोड इंग्रजांनाही होती. माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगर अशा तीन साखर कारखान्यांच्या मुलखात हाच प्रश्न अर्थातच अधिक कळकळीने विचारला जातो. यजमानीणबाई खुर्चीतल्या वडीलधाऱ्या पाहुण्यांकडे न पाहता खुर्चीमागे उभ्या असलेल्या पुतण्याला ‘ह्यांना च्यात साखर चालती न्हवं?’ असे विचारतात, पुतण्या गांगरून ‘घाला थोडी’ म्हणतो, आणि ज्यांनी हयातभर उसाच्या नोंदी लिहिल्या ते काका आपल्या मधुमेहासह गप्प बसतात. याच वाणीचा दुसरा विशेष असा की पाय चालत नसलेल्या माणसाशी मोठ्याने बोलावे, असा एक समज रूढ आहे. त्यानंतर ‘हे कसं झालं?’ हा प्रश्न येतो, एसटीच्या रांगेतल्या सर्वस्वी अनोळखी माणसाकडूनही येतो, आणि उत्तर संपण्याच्या आत एका हाडवैद्याचा पत्ता मिळतो. १९६५ च्या युद्धात जखमी झालेल्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहून भारताला सुवर्णपदक मिळवून दिले, ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मचरित्र लिहिणाऱ्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी करून इतरांच्या शिक्षणाची आणि रोजगाराची सोय लावली. चहात साखर किती हवी एवढे या मंडळींना स्वतःहून सांगता येईल, असे मानण्यास हरकत नसावी.

सत्कार हा तिसरा प्रकार, आणि तो सर्वांत धोक्याचा होय. तीनचाकी वाटपाच्या समारंभात व्यासपीठ चार फूट उंच असते, त्याला शिडीवजा जिना असतो, आणि ज्याला कोणी उचलू नये म्हणून हे वाहन द्यायचे, त्याला ते स्वीकारण्यासाठी उचलूनच वर न्यावे लागते. तेथे त्याच्या खांद्यावर शाल येते, मांडीवर श्रीफळ येते, गळ्यात हार पडतो आणि हातात गुच्छ दिला जातो. व्हीलचेअर वापरणाऱ्याचे दोन्ही हात चाकांवर असावे लागतात, हे सत्कार समितीच्या ध्यानात नसल्याने छायाचित्र निघेपर्यंत सगळे ठीक चालते; पुढे तो वळू पाहतो तेव्हा शालीचे गोंडे चाकाच्या आऱ्यांत गुंततात, नारळ घरंगळत मान्यवरांच्या पायाशी जातो, आणि निवेदक ‘टाळ्या झाल्या पाहिजेत’ असे म्हणतो.

आता रॅम्प, म्हणजे पायऱ्यांऐवजी केलेला उतरता रस्ता. त्याचे शास्त्र एका ओळीत मावते: एक भाग चढायला निदान बारा भाग लांबी लागते. पंधरा सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या असतील तर चढ पंचेचाळीस सेंटिमीटरचा, आणि रॅम्प पाच मीटर चाळीस सेंटिमीटरचा. गवंड्याने बांधलेला रॅम्प मात्र पुष्कळदा जेमतेम दीड मीटरचा भरतो, त्यावर वरून गुळगुळीत फरशी बसवलेली असते, आणि त्याचा खरा उपयोग मालकाची मोटारसायकल रात्री आत घेण्यासाठी होतो. दिवसा तीच मोटारसायकल रॅम्पवर उभी असते. दिव्यांगांसाठीचे स्वच्छतागृह हाही असाच एक कोठीघराचा प्रकार असून, त्यात झाडू, फिनेलचे कॅन आणि मागच्या वर्षीचे फलक नांदतात.

वाट मोकळी करून देणे या भागाला जमत नाही, असे मात्र म्हणता येत नाही. संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीचा मुक्काम हलवून काटेवाडीत येते तेव्हा परीट समाज तिच्यासाठी धोतरांच्या पायघड्या घालतो आणि मेंढ्यांचे रिंगण होते, ज्यात मेंढ्या हॉर्न न वाजवता फेरी पूर्ण करतात. मेंढ्यांची आणि शिफ्टवरून सुटलेल्या दुचाकीस्वारांची तुलना करणे, प्रस्तुत लेखकाच्या मते, मेंढ्यांवर अन्याय करणारे ठरेल.

कायद्याने आपल्या परीने बरेच लिहून ठेवले आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ९२ नुसार दिव्यांग व्यक्तीचा लोकांसमोर हेतुपुरस्सर अपमान करणाऱ्यास सहा महिने ते पाच वर्षे कारावास होऊ शकतो. पण हेतू नसलेल्या अपमानाचे काय, हा प्रश्न उरतोच. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत खार येथील विवाह नोंदणी कार्यालय दुसऱ्या मजल्यावर होते, लिफ्ट नव्हती, अधिकारी खाली आले नाहीत, आणि व्हीलचेअर वापरणाऱ्या वधूला स्वतःच्या लग्नासाठी उचलून जिना चढवावा लागला. नंतर तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी दिलगिरी व्यक्त केली. दोन मजले उतरायला त्या अधिकाऱ्याला पाच मिनिटेही लागली नसती.

एवढे विवेचन झाल्यावर मंगल कार्यालयाच्या ध्वनिक्षेपकावरून होते त्या भाषेत एक निवेदन करणे क्रमप्राप्त आहे. एमएच ४२ पासिंगची काळी मोटारसायकल ज्या कोणा पाहुण्यांनी रॅम्पवर लावली आहे, त्यांनी हातातली जिलबी संपवून का होईना, ती ताबडतोब बाजूला घ्यावी. खाली माणूस थांबला आहे, आणि त्याला कोणी उचलू नये.