माईक सुरू करण्याची शास्त्रोक्त पद्धत

घरच्या कॉम्प्युटरचा माईक बंद पडला, की बीड जिल्ह्यात पहिला उपाय म्हणजे ओरडणे. केजहून पुण्याच्या मुलाला व्हिडिओ कॉल लागलेला असतो, त्याचा आवाज खणखणीत येत असतो, पण इकडचे काही तिकडे पोचत नाही. अशा वेळी वडीलधाऱ्यांनी स्क्रीनला नाक लावून "आवाज यायला का?" असे विचारावे. प्रश्नच ऐकू गेलेला नसल्याने मुलगा उत्तर देत नाही. मग तोच प्रश्न शेजारच्या आळीला समजेल अशा बेताने पुन्हा विचारावा.

यानंतर भाच्याला बोलवावे. एमएससीआयटी झालेला एक भाचा गल्लीत असतोच. तो चहा होईपर्यंत कॉम्प्युटर बंद करून चालू करतो आणि चहानंतर हेडफोनच्या वायरवरचे चिमुकले म्यूटचे बटण सरकवतो. बरीचशी प्रकरणे इथेच मिटतात. पण भाच्याचा मान राहावा म्हणून हे बटण आधी कोणी तपासू नये.

न मिटल्यास कॅबिनेट भिंतीपासून ओढावे. मागच्या जाळ्याजळमटांत गुलाबी भोक माईकचे आणि हिरवे स्पीकरचे. हे रंग 'पीसी ९९' नावाच्या नियमावलीने ठरवून दिले, तरी वायर हिरव्यातच खुपसण्याची प्रथा आहे. मोबाईलच्या इअरफोनची पिन निराळी. तिच्यावर तीन काळ्या रेघा असतात, म्हणजे ऐकणे-बोलणे एकाच पिनेत. दोन भोकांचा जुना कॉम्प्युटर तिला ऐकवतो, पण तिचे ऐकत नाही. बसस्टँडसमोरच्या मोबाईलच्या दुकानात 'वायची पिन' मागावी. एका वायरीच्या दोन होतात.

काही हौशी मंडळी हरिनाम सप्ताह उरकल्यावर मंडपवाल्याचा माईकच कॉम्प्युटरला जोडतात. ज्यावर अख्खा मंडप दणाणला, त्यावर बुवा आता माठात बसून बोलल्यासारखे वाटतात. दोष बुवांचा नाही. तो माईक फार क्षीण वीज देतो, तिला दणका मिक्सर देतो. गुलाबी भोक इलेक्ट्रेट जातीच्या माईकसाठी असते. सेसलर आणि वेस्ट या संशोधकांनी तो १९६२ साली अमेरिकेत बेल लॅब्समध्ये काढला आणि तो चालायला कॉम्प्युटरकडूनच थोडे व्होल्ट घेतो.

एवढ्यानेही भागले नाही, तर सेटिंगमध्ये जाऊन प्रायव्हसीखाली मायक्रोफोन पाहावा. एप्रिल २०१८ च्या अपडेटपासून विंडोज १० मध्ये तिथला खटका बंद असला, की सगळे प्रोग्राम बहिरे होतात. ब्राउझरची परवानगी वेगळी. ओटीपीच्या फसवणुकींनी पोळलेल्या घरात परवानगी मागणाऱ्या प्रत्येक चौकटीला 'ब्लॉक' म्हणायची शिस्त असते. शिस्त चांगलीच आहे, पण एकदा मोडावी लागते. मग साउंडमध्ये इनपुटला बरोबर माईक निवडून बोलावे. पट्टी हलली, तर इकडचे काम झाले.

पट्टी कोणी न बोलता हलत असेल, तर मामला घरघरीचा. परळीच्या औष्णिक केंद्रातली वीजसुद्धा देशातल्या सगळ्या विजेसारखी सेकंदाला ५० हेलकावे घेते आणि अर्थिंग नीट नसले, की तीच माईकमध्ये शिरून गुणगुणते. परीक्षा सोपी: लॅपटॉप असल्यास त्याचा चार्जर काढावा. गुणगुण थांबली, तर परसातला अर्थिंगचा खड्डा पाहावा. कोरड्या मातीतून वीज नीट उतरत नाही, म्हणून खड्ड्यात मीठ-कोळसा घालून वर पाणी ओततात. आता मे महिन्यात, टँकरच्या पाळीचे पाणी ड्रममध्ये मोजून ठेवलेले असताना, त्यातली बादलीभर जमिनीत ओतायची परवानगी कोणत्याच सेटिंगमध्ये सापडत नाही. ती आजीकडे मागावी लागते. आजी विचारते, "मशीनला पाणी कशाला?" भाचा समजावू लागतो. आजी ड्रमवर झाकण ठेवते.

तोवर कॉल बॅटरीवर करावा. नाहीतर लाईट जायची वाट पाहावी. गुणगुण हमखास थांबते. वायफायही सोबतच जात असल्याने पलीकडच्याला ते सांगायची सोय तेवढी राहत नाही.