गुणाकारवाले तात्या

तात्यांना तुम्ही ओळखता. तुमच्या सोसायटीत त्यांचं नाव वेगळं असेल, पण जिन्यात गाठून लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर आकडे मांडणारा माणूस तोच. "नोकरी चालू दे रे, पण जोडीला काहीतरी हवंच," अशी सुरुवात होते आणि मग गुणाकार. तात्यांना फक्त गुणाकार येतो. वजाबाकीच्या दिवसांत ते शाळेत आजारी असावेत.

इमूची लाट आली तेव्हाची गोष्ट. "एक मादी वर्षाला पंचवीस अंडी. दहा माद्या, अडीचशे. निम्मी उबली तरी सव्वाशे पिल्लं. पुढच्या वर्षी..." पुढच्या वर्षापर्यंत पत्रिका संपली म्हणून त्यांनी पाकीट उलटं केलं. मांस, तेल, पिसं, सगळं विकलं जातं म्हणे. घेणार कोण, हा प्रश्न गुणाकारात येत नाही. 2012 च्या सुमारास फुगा फुटला. दाणा परवडेना म्हणून लोकांनी पक्षी मोकाट सोडले. तात्यांच्या जोड्या मेव्हण्याच्या शेतावर होत्या. मेव्हणा भाऊबिजेला येतो, पण जेवायला थांबत नाही.

मग मखरं. थर्माकोलची मखरं हंगामाबाहेर घ्यायची आणि गणपतीत विकायची, ही कल्पना खरं तर वाईट नव्हती. शंभर मखरं गुणिले मार्जिन. तात्यांनी माल भरला आणि मार्च 2018 मध्ये राज्यात थर्माकोलबंदी आली. त्या वर्षी आमच्या जिन्यात सोनेरी खांबांचा राजवाडाच उभा होता. दूधवाला त्यातून वाकून यायचा. कडकनाथ कोंबड्यांच्या वेळी तात्या सावध झाले होते. कंपनी माल परत घेणार, असा लेखी करार होता. तात्यांनी गुणाकार मांडला आणि कंपनी भागाकार करून गेली.

शंका काढली की लिज्जत पुढे येतं. "1959 साल. गिरगाव. सात बायका. भांडवल ऐंशी रुपये, तेही उसने! आता गुण!" आपण गुणायला लागतो. त्या सातजणींनी पापड स्वतःच्या हाताने लाटले होते, एवढं मात्र तात्या सांगत नाहीत.

हाताने करायचं काम काकूंकडे आहे. काकू चकलीची भाजणी विकतात. डाळ-तांदूळ वेगवेगळे भाजायचे, धणे-जिरे घालायचे, दळून आणायचं. सुरुवात ओळखीच्या घरांत अर्ध्या-अर्ध्या किलोने झाली. आधी मूठभर नमुना, मग ऑर्डर. त्यांची वही मी पाहिली आहे. डाळ, गॅस, दळणाचे पैसे, पिशव्या, शिवाय 'माझी मजुरी' असा वेगळा रकाना. सगळं वजा करून उरेल तो नफा. अन्न सुरक्षेची नोंदणी केलीय, पाकिटावर नंबर आहे. धंदा कसा सुरू करावा, हे सांगणारी शिबिरं लोक पैसे भरून करतात; ती वही त्यांना वाचायला द्यायला हवी. तात्या त्या वहीला 'किरकोळ' म्हणतात.

मीही हसायचो. मग एकदा काकूंनीच सांगितलं. तात्यांचे वडील लालबागला गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि घरातला एकुलता पगार थांबला, तो कायमचा. आई खाणावळ चालवायची, पण जेवणारेही गिरणीतलेच. ते गावाला निघून गेले. तेव्हा तिने फोर्टातल्या ऑफिसांसाठी डबे सुरू केले. डबे पोचवायला तात्या, वय सतरा. हिशेब आईकडे. तात्या फक्त डबे मोजायचे, भावाने गुणायचे आणि लोकलच्या दारात उभे राहून घरभाडं निघतंय का ते बघायचे. घरभाडं निघायचं.

आता जिन्यात ते दिसले की मी लगेच घाईत नसतो. सध्या धिंगरी अळंबी चालू आहे: बाथरूमवरच्या माळ्यावर भिजवलेला पेंढा, शंभर पिशव्या, गुणिले दोन किलो. खालच्या मजल्यावरच्यांनी वासाची लेखी तक्रार केलीय. तात्यांनी उत्तरादाखल त्यांना भागीदारी देऊ केली.

यंदा भाजणी हवी असेल तर नवरात्राच्या आधी काकूंना सांगा. तात्यांना सांगू नका. अर्धा किलो मागाल, ते वर्षाचा आकडा लिहून घेतील.