आटे ज्याचे त्याचे

1981 साली न्यू हॅम्पशरच्या रानात पहिला पेंटबॉल सामना झाला, तेव्हा खेळाडूंच्या हातातली नेलस्पॉट ही मुळात झाडांवर आणि गुरांवर खुणा करायची बंदूक. पुढे अमेरिकेत मार्करच्या, म्हणजे पेंटबॉल-बंदुकांच्या, कंपन्या उगवल्या आणि जवळपास प्रत्येकीने नळी बसवायला स्वतःचे आटे पाडले. गोळी बहुतेकांची तीच, 0.68 इंचाची. पण ऑटोकॉकर मार्करची नळी स्पायडरला चालत नाही, स्पायडरची टिपमनला. टिपमनच्या घरातसुद्धा 98 कस्टम आणि ए-5 या मॉडेलांच्या चुली वेगळ्या! जुन्या ऑटोमॅगने तर आट्यांनाच फाटा दिला: नळी खुपसा, पिळा, झालं.

एखादा वीर दीड वळसा फिरलेली परकी नळी "बसतेय, बसतेय" म्हणत रेटतो. ॲल्युमिनियमचा चकचकीत कीस सांडतो, आटे झिजतात आणि मग नळी कुठल्याच कंपनीच्या मार्करची राहत नाही. शहाणा माणूस ॲडाप्टर घेतो, म्हणजे न जुळण्याचेही पैसे मोजतो.

महागडे मार्कर बनवणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी पुढे मुकाट्याने ऑटोकॉकरचेच आटे उचलले. टिपमनवाले अजून वेगळी नळी शोधताहेत.